दुसरं सुकेळं

माझ्या एम.ए.च्या प्रबंधात, तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी, बारीक टायपात एक तळटीप आहे : 'माहिती-संकलनाच्या दुसऱ्या दिवशी नमुना-खाद्यापैकी पाच नग प्रवासात नष्ट झाले.' वाचणाऱ्याला वाटावं, पावसात पिशवी फाटली असेल, नग गटारातून वाहत थेट अर्नाळ्याच्या समुद्राला मिळाले असतील. तसं काही झालं नाही. नालासोपारा आणि विरारच्या मध्ये उभ्या राहिलेल्या गाडीत बसून ते मी खाल्ले. पाचातला एक शेजारच्या मावशींना दिला, पण त्यानं गुन्हा कमी होत नाही, साक्षीदार तेवढा वाढतो.

प्रबंधाच्या मराठीत कर्ता लपवायची फार उत्तम सोय आहे. 'मी विसरले' असं कुणी लिहीत नाही, 'नोंद उपलब्ध होऊ शकली नाही' असं लिहितात. 'मला कळलं नाही'ला 'निष्कर्ष संदिग्ध आढळले' म्हणतात. शाळेत प्रयोग शिकवणाऱ्या बाईंनी हे आधी सांगितलं असतं, तर मी व्याकरणाच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसले नसते.

प्रबंधाचा विषय असा : 'चार ते पाच वर्षे वयोगटातील बालकांचे स्व-नियमन आणि प्रतिबंधात्मक मानसिक आरोग्य : वसई-विरार परिसरातील एक अभ्यास'. हे नाव एका दमात म्हणता येत नाही. बाबांनी ते एकदा पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे बालवाडीच ना? मग दोन वर्षं कशाला लागतात?" आईनं तर विषयाचं नावच बदलून टाकलं. बिल्डिंगमध्ये कुणी विचारलं की ती सांगायची, "ती लहान मुलांच्या डोक्याचं करते." पुढच्याच रविवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नातीला घेऊन हजर. नातीच्या डोक्यात उवा झाल्या होत्या.

मला बालविकासातलं काय कळतं, असा प्रश्न खरं तर कुणीच विचारला नाही. मला मूल नाही, लहान भावंड नाही, आणि ट्रेनमध्ये समोरचं बाळ माझ्याकडे टक लावून पाहायला लागलं तर मी नजर चोरते. पण बालविकासाच्या पुस्तकातला पियाजे पाठ होता. त्यामुळे आत्मविश्वास भरपूर होता.

'प्रतिबंधात्मक' म्हणजे काय, हे लोकांना समजावण्यासाठी मी पोलिओच्या डोसाचं उदाहरण तयार ठेवलं होतं. आजार झाल्यावर धावायचं नाही, आधीच तजवीज करायची. मनाच्या आजारांना तोंडात टाकायचे थेंब नाहीत, म्हणून मूल लहान असताना त्याच्या आजूबाजूचं घर, माणसं, सवयी नीट असाव्यात, एवढंच काय ते. आगाशीजवळच्या ज्या गावात मी मुलं शोधत होते, तिथल्या एका आजीनं हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"आजार यायच्या आधीच?"

"हो आजी, आधीच."

"मग दृष्ट काढतो की आम्ही. मीठमोहऱ्या घेऊन."

मी वहीत लिहिलं : 'समुदायात प्रतिबंधाची संकल्पना रुजलेली आढळली.' कर्ता पुन्हा गायब.

त्याच आजीनं संमतीपत्रावर सही करायला साफ नकार दिला. संमतीपत्र मी एका सीनियरच्या प्रबंधातून उतरवलं होतं आणि त्याच्या डोक्यावर 'जिल्हा ठाणे' असं छापलं होतं. आजीचा नातू, म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची त्याचा मोठा भाऊ, चौथीत होता. त्यानं मोठ्यानं वाचून दाखवलं. आजी म्हणाली, "ठाणे कुठला? पालघर जिल्हा होऊन किती वर्षं झाली." बरोबर होतं. 2014 च्या 1 ऑगस्टला पालघर जिल्हा वेगळा झाला, आणि मी त्याच जिल्ह्यात राहून ठाण्याचं संमतीपत्र वाटत फिरत होते. "कागदावर जिल्हाच चुकीचा, तर सातबारा कुणाचा असेल देव जाणे," असं म्हणून तिनं कागद माझ्या हातात परत दिला.

यात आजीचं चुकलं असं मला वाटत नाही. या पट्ट्यात केळीच्या बागा होत्या, पानवेली होत्या, विहिरी होत्या, आणि त्या बघायला हातात कागद घेऊन गोड बोलणारी माणसं यायची. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'हरित वसई'साठी माणसं रस्त्यावर उतरवली ती उगाच नव्हे. मीही हातात कागद घेऊन गोड बोलत होते. फरक इतकाच, की बिल्डरकडे निदान गाडी असते.

शेवटी बारा मुलांच्या पालकांनी सह्या केल्या. त्यातल्या सात जणांनी 'कधीही माघार घेऊ शकतो' या ओळीखाली दोनदा रेघ मारून घेतली.

आता सुकेळ्यांकडे येते.

सगळं सुरू झालं वॉल्टर मिशेल या माणसामुळे. साठीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत त्यानं लहान मुलांपुढे मार्शमॅलो नावाची मऊ मिठाई ठेवली. आत्ता खाल्लीस तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. आणि स्वतः खोलीबाहेर गेला. काही मुलांनी लगेच गट्टम केली, काही पंधरा मिनिटं तळमळत बसली. मिशेलच्या तिन्ही मुली त्याच बालवाडीत जायच्या. पुढे कितीतरी वर्षं जेवणाच्या टेबलावर तो त्यांना विचारायचा, तुझी ती मैत्रीण काय करते, तो अमुक मुलगा कसा आहे. ऐकता ऐकता त्याच्या लक्षात आलं की थांबणाऱ्यांचं शाळेत बरं चाललंय. त्यातून मोठा अभ्यास झाला आणि मग जगभरातल्या आईबापांनी पोरांपुढे बशा मांडल्या. हा मिशेल स्वतः एके काळी दिवसाला तीन तीन पाकिटं सिगारेट ओढायचा, हे वाचल्यापासून तो मला फार आवडतो.

हाच प्रयोग वसईत करायचा, असं मी ठरवलं. पहिली अडचण म्हणजे मार्शमॅलो. मुंबईहून महागडं पाकीट आणलं. पावसाळी हवेत ते दोन दिवसांत एकमेकांना चिकटलं आणि त्याचा एकच मोठा मार्शमॅलो झाला. भाच्याला चाखायला दिला, तर त्यानं हुंगून विचारलं, "मावशी, हा साबण अंगाला लावायचा की कपड्यांना?" शिवाय पाकिटावर जिलेटिन लिहिलेलं होतं. ते कशापासून बनतं हे कळल्यावर आईनं पाकीट फ्रीजमधून काढून गॅलरीत, कुंडीमागे ठेवलं.

चॉकलेट विरघळतं. बिस्कीट घरोघर असतं, त्यासाठी कोण पंधरा मिनिटं थांबेल? मग डोक्यात सुकेळी आली आणि त्या क्षणी मला वाटलं की बालविकासाला आता आपण काहीतरी देणार. सुकेळी म्हणजे राजेळी केळी सोलून, कित्येक दिवस उन्हात वाळवून, मधाच्या रंगाची झाली की केळीच्याच वाळक्या पानात बांधलेली. वसईबाहेरच्या वाचकाला सांगते : सुकं अंजीर आणि खजूर यांचं लग्न लावून दिलं आणि मुलगी माहेरी वसईला आली, तर जशी दिसेल तशी. चिवट, गोड, आणि वास असा की पुडी बॅगेत असली तरी डब्यातल्या बायका माना वळवून बघतात. हा शेवटचा मुद्दा मी तेव्हा पुरेसा गांभीर्यानं घेतला नाही.

बालवाडी म्हणजे एका कौलारू घराची पुढची खोली आणि ओटी. स्टॅनफर्डला भिंतीत एकीकडून दिसणारा आरसा होता. मी दारावर बालवाडीच्या बाईंची जुनी साडी टांगली आणि तिला पडलेल्या भोकातून बघायचं ठरवलं. मोबाइलवर स्टॉपवॉच. प्लास्टिकची पिवळी बशी. गुप्ततेसाठी मुलांना नावं नाहीत, क्रमांक : बा-01 ते बा-12. बाईंना हे अजिबात पटलं नाही. "पोरांना कैद्यांसारखे नंबर?" त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी सहा मुलं.

बा-01 आत गेला, सुकेळ्याकडे बघितलं, टेबलावर डोकं टेकलं आणि झोपला. पंधरा मिनिटं भरली तेव्हा तो घोरत होता. तो थांबला असं म्हणायचं का? मिशेलच्या मुलांपैकीही काही जणांनी झोपायचा प्रयत्न केला होता, असं मी वाचलं होतं, त्यामुळे मी आनंदानं 'झोप : स्व-नियमनाचे तंत्र' असं लिहिलं. बाई म्हणाल्या, तो रोजच या वेळी झोपतो.

बा-02 नं सुकेळं खाल्लं नाही, चाटलं. सगळ्या बाजूंनी, मन लावून, पोस्टाचं तिकीट चाटावं तसं, आणि परत बशीत ठेवलं. बा-03 नं मलाच उलट विचारलं, "दुसरं कुठाय? आधी दाखव." दाखवलं. मग तो थांबला, अगदी पंधरा मिनिटं. बा-04 च्या वेळी खिडकीच्या गजांना बाहेरून सात-आठ पोरं लटकलेली होती आणि 'खा रे, खा रे' असा कबड्डीसारखा गजर चालला होता. त्यानं खाल्लं. कोणीही खाल्लं असतं. बा-05 दर मिनिटाला साडीपलीकडून ओरडून विचारायची, "ताई, तुजी पंधरा मिनिटं झाली का?" चौथ्या मिनिटाला माझाच संयम सुटला आणि मी "नाही गं बाई!" असं ओरडले. तिनं दचकून सुकेळं तोंडात टाकलं.

आणि बा-06. त्यानं बशीतलं सुकेळं उचललं, चड्डीच्या खिशात घातलं आणि हाताची घडी घालून बसला. मी आत गेले. "अरे, खाल्लं नाहीस, मग खिशात का?" म्हणाला, "भावाला." भाऊ दीड वर्षाचा, घरी. दुसरं हवं का, तर नको, एकच पुरे, तो थोडंच खातो. माझ्या तक्त्यात दोन रकाने होते : 'थांबला' आणि 'खाल्ले'. बा-06 कुठे लिहायचा? मी बराच वेळ पेन तोंडात धरून उभी राहिले. शेवटी 'अवैध' लिहिलं. मुलं बाहेर खेळायला गेली आणि तो गेटकडे पळाला. खिसा एका हातानं घट्ट धरलेला, त्यामुळे तो वाकडा वाकडा पळत होता, बोट लागल्यासारखा.

त्या दिवशी सहापैकी पूर्ण जागेपणी थांबला तो एकच. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढच्या दुर्दैवाचं गणित त्यावर उभं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारा सुकेळी मोजून घेतली. सहा मुलं, प्रत्येकाला दोन, कमी पडायला नको. नालासोपाऱ्याला गाडीत चढले. एकच स्टेशन जायचं. पाऊस सुरू झाला आणि दोन स्टेशनांच्या मध्येच गाडी थांबली. आमच्याकडे जुलैत गाडी थांबली तर कुणी खिडकीबाहेर डोकावतसुद्धा नाही. समोरच्या बाईनं पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि निवडायला घेतली. दुसरीनं पाय वर घेतले. कुणीतरी घरी फोन करून 'कुकर लावून घे' म्हणाली. वीस मिनिटं गेली. मी उपाशी निघाले होते.

पहिलं सुकेळं मी खाल्लं ते केवळ दर्जा तपासण्यासाठी. नमुन्यात एकसारखेपणा हवा, असं संशोधन-पद्धतीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. दर्जा उत्तम निघाला, पण एकावरून निष्कर्ष काढता येत नाही, म्हणून दुसरं. एव्हाना वास सुटला होता आणि शेजारच्या मावशी माझ्या मांडीवरच्या पुडीकडे बघत होत्या. वास सुटल्यावर एकटीनंच खाणं शोभत नाही, म्हणून एक त्यांना दिलं. त्यांना दिलं आणि आपण नुसतं बसायचं, तर त्यांना संकोच वाटेल, म्हणून एक मी. मग गणित केलं. काल एकच मूल पूर्ण थांबलं. म्हणजे सहा मुलांना सहा आणि थांबणाऱ्या एकाला एक, एकूण सात लागणार. पुडीत आठ उरली होती. आठवं जास्तीचं झालं.

तासाभरानं गाडी हलली. कमाल मर्यादेपर्यंत थांबण्याबद्दल ज्या बाईचा प्रबंध चालला होता, ती वीस मिनिटांपलीकडे थांबू शकली नव्हती, हे मला त्या वेळी जाणवलं नाही, असं मी म्हणणार नाही. जाणवलं. पण तोंड चिकट होतं आणि पाणी प्यायचं होतं.

बा-07 हा मुलगा थांबला. पूर्ण पंधरा मिनिटं, 'गणपती बाप्पा' पुटपुटत. त्याला दुसरं दिलं. उरली पाच, मुलं पाच. काठावर पास.

मग बा-08 आली.

तेलानं चापून घातलेल्या दोन वेण्या, लाल रिबिनी, फ्रॉकचं एक बटण तुटलेलं. मी सूचना सांगितल्या. तिनं मान हलवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली. साडीच्या भोकातून मी बघत होते. तिनं एकदाच बशीकडे बघितलं, मग मान वर करून कौलांकडे. वाशावर एक पाल होती. पाल हलली की ती मान हलवायची. पाल थांबली की तीही थांबायची. पाच मिनिटं. आठ. पाल कौलात शिरली, तेव्हा तिनं क्षणभर इकडेतिकडे बघितलं, मला वाटलं आता गेली. पण ती पायाच्या अंगठ्यानं जमिनीवर काहीतरी गिरवायला लागली. बारा मिनिटं. साडीआड माझ्या कपाळावर घाम आला. जगाच्या इतिहासात ज्या संशोधिकेनं मनात 'खा गं, एकदाची खा' असा जप केला असेल, ती मीच.

पंधरा झाली. मी आत गेले. तिनं मांडीखालचे हात काढले, ते पार पांढरे पडले होते, आणि एक तळवा पुढे केला. "दे."

पुडीत चार होती. बाहेर चार मुलं होती.

"उद्या देते हं," मी म्हटलं.

ती रडली नाही. हट्टही केला नाही. तिनं तळवा मिटला, बशीतलं आपलं एक उचललं आणि चावत चावत ओटीवर गेली. तिथे बसलेल्या मुलांना तिनं सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी सहज, निकाल सांगितला : "ताई नाय देत."

तीन शब्द. माझ्या प्रबंधाचा गोषवारा दोनशे चाळीस शब्दांचा आहे.

बा-09 नं अकराव्या सेकंदाला खाल्लं. बा-10 नं त्याहून लवकर. बा-11 खाता खाता बोलत होता, म्हणून मी त्याच्याजवळ बसले. त्याचे बाबा कधी येतात, हा माझ्या प्रश्नावलीतला प्रश्न होता. तो म्हणाला, "रविवारी." मी 'वडील बाहेरगावी' असं लिहायला घेतलं, तर बाई हळूच म्हणाल्या, "बाहेरगावी कुठले? इथेच राहतात. पहाटेची गाडी पकडतात आणि येतात तेव्हा हा झोपलेला असतो." माझ्या प्रश्नावलीत पर्याय होते : 'सोबत राहतात', 'सोबत राहत नाहीत', 'लागू नाही'. चर्चगेटला नोकरी आणि विरारला घर असलेल्या बापासाठी पर्याय ठेवायचा राहिला होता, आणि तो मी, जिचे स्वतःचे बाबा तीस वर्षं तीच गाडी पकडत होते. बा-12 नं तर सूचना संपायच्या आधीच खाल्लं आणि तोंड पुसत विचारलं, "आता जाऊ?"

गाईड मॅडमना आकडे दाखवताना मी तळटीप अंगठ्याखाली धरली होती. त्यांनी अंगठा बाजूला केला. चष्मा काढला, पुसला, घातला. "प्रवासात नष्ट झाले म्हणजे नेमकं काय झालं?"

मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे जास्त वाईट होतं. मग म्हणाल्या, "रॉचेस्टरचा 2013 चा अभ्यास वाचलाय ना?"

वाचला होता म्हणजे संदर्भसूचीत घातला होता. सेलेस्ट किड आणि तिच्या सहकाऱ्यांनी अठ्ठावीस मुलं घेतली. निम्म्यांना आधी म्हणाले, थांब, छान रंगीत खडू आणतो, आणि आणले. उरलेल्यांना तेच म्हणाले आणि रिकाम्या हातानं परत येऊन 'सॉरी, संपले' म्हणाले. मग मार्शमॅलोची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं ती तीन. चौदापैकी नऊ विरुद्ध चौदापैकी एक, असे पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारे. थोडक्यात, जी मुलं लगेच खातात ती सगळी उतावळी नसतात. समोरचं माणूस कसं आहे हे त्यांनी ओळखलेलं असतं.

"त्यांनी हे ठरवून केलं," मॅडम म्हणाल्या, "नैतिकता समितीची परवानगी घेऊन. तुम्ही सुकेळी खाऊन केलंत."

आणि मग त्यांनी वाढत वाढत सगळंच काढलं. 2018 मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर हाच प्रयोग पुन्हा झाला, तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्या थांबण्याचं महत्त्व बरंचसं विरून गेलं, ते प्रकरण दोनमध्ये का नाही? कॅमेरूनमधल्या न्सो शेतकऱ्यांची चार वर्षांची मुलं जर्मन मुलांपेक्षा कितीतरी जास्त थांबली, ते का नाही? बा-06 ला 'अवैध' कुणाला विचारून लिहिलंत? हवाईच्या कवाई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नरनं वर्षानुवर्षं माग काढला. हलाखीतली असूनही जी मुलं नीट उभी राहिली, त्यांच्या आयुष्यात भरवशाचं निदान एक तरी मोठं माणूस होतं. "तुमचा विषय प्रतिबंधात्मक मानसिक आरोग्य आहे ना?" त्यांनी विचारलं. "मग त्या खोलीत भरवशाचं मोठं माणूस कोण होतं?"

मी पंख्याकडे बघितलं. बा-08 कडे पाल तरी होती.

"आणि कोसबाडला कधी गेलात?"

गेले नव्हते. विरारहून डहाणूची लोकल पकडली की तो सगळा टापू दारात येतो. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तर गुरं चरतात तिथे कुरणशाळा भरवली. मुलं कशी असतात हे बघायला या बायका मुलांमागे माळावर गेल्या, तेही आमच्याच जिल्ह्यात. माझ्या प्रबंधात स्टॅनफर्ड एकोणीस वेळा आलं होतं. कोसबाड एकदाही नाही. मॅडमनी 'फाइंड' करून दाखवलं.

घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "सुकेळी सगळी संपवलीस? एखादं तरी आणायचंस."

आठ दिवस मी तक्ते जुळवत बसले. पहिल्या सात मुलांची सरासरी आणि शेवटच्या चार मुलांची सरासरी शेजारी शेजारी मांडली, तर आलेख विरार स्टेशनच्या जिन्यासारखा दिसायला लागला, एकदम खाली. मधे बा-08 चा ठिपका उंचावर. तो माउसनं पकडून किती वेळा हलवून पाहिला, जागचा हलेना. मला रात्री तो मिटलेला तळवा दिसायचा. अपराधगंड हा काही प्रतिबंधात्मक मानसिक आरोग्याचा भाग नव्हे, पण अभ्यासकाला तो फुकट मिळतो.

नवव्या दिवशी मी आगाशीच्या बाजारातून सुकेळी घेतली आणि बालवाडीत गेले. बा-09 ते बा-12 यांना एक एक दिलं, कारण त्यांच्या मनात मी संशय पेरला होता. बा-06 ला दोन दिली, एक त्याचं आणि एक भावाचं. तो म्हणाला, भावाला जुलाब झालेत, आई देऊ नको म्हणते. दोन्ही खिशात घातली तरीही, एकेका खिशात एकेक, आणि या वेळी सरळ पळाला.

बा-08 मातीत घर करत होती. मी उकिडवी बसले आणि बशीत दोन सुकेळी तिच्यापुढे धरली. एक देणं होतं ते, दुसरं उशिराबद्दल. हे मी तिला समजावून सांगितलं. व्याज म्हणजे काय, तेही. तिनं मातीचे हात फ्रॉकला पुसले, माझ्याकडे बघितलं, बशीकडे बघितलं, आणि एक उचललं.

"दुसरं पण तुझंच," मी म्हटलं.

"एकच होतं," ती म्हणाली आणि पाठ फिरवून पुन्हा मातीत बसली.

उरलेलं सुकेळं पानात गुंडाळून मी पर्समध्ये ठेवलं. रिक्षानं विरारला आले. संध्याकाळची वेळ, प्लॅटफॉर्मवर गर्दी, वरच्या पाटीवर माझी गाडी दाखवत होते. गाडीला अकरा मिनिटं होती. सुकेळं मी सहाव्या मिनिटाला खाल्लं.